लॉनमध्ये पिवळा पट्टा, कडेला लव्हाळा, सावलीत आंबुशी : आधी काय मारू?

अंगणवाला
मंडळी, घरापुढच्या लॉनचं दुखणं घेऊन आलोय. गवत बारीक पात्याचं, हराळीच्या जातीतलं. लावून बरीच वर्षं झाली आणि आजवर फारशी तक्रार नव्हती. पावसाळा सरत आला तसे मधोमध पिवळे डाग पडायला लागले. आता ते एकमेकांना मिळून मोठा पट्टा झालाय. पाणी वाढवलं, युरियाही टाकून झाला, फरक नाही. सकाळ झाली की साळुंक्या त्याच पट्ट्यात चोची मारत असतात. कुंपणाच्या कडेला लव्हाळा माजलाय, उपटला की आठवड्याभरात आणखी दाट. झाडाखालच्या सावलीत आंबुशीने हातपाय पसरलेत.

दुकानदार एक बाटली कीटकनाशकाची, एक बुरशीनाशकाची, एक तणनाशकाची देतोय. म्हणतो, तिन्ही एकाच पंपात घालून मारा. मारू का?

गवत्या
नका मारू. तिन्ही एकत्र तर अजिबात नाही.

पिवळं गवत म्हणजे कीडच असं नसतं. डागाच्या मधोमध बघू नका, तिथला कार्यक्रम आटोपलेला असतो. जिथे पिवळं आणि हिरवं एकमेकांना भेटतं त्या कडेला बसा. मूठभर गवत धरून वर ओढा. मुळ्यांशिवाय सहज हातात आलं तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, आहे असं धरून चाला. गच्च धरून राहिलं तर मुळं शाबूत आहेत, मग पाती बघा. कडा कुरतडलेल्या असतील तर अळी. पात्यावर भुरकट ठिपका आणि त्याला तांबूस किनार असेल तर बुरशी. नुसती टोकंच फाटून पांढरट झाली असतील तर रोग नाही न कीड नाही, मोअरचं पातं बोथट झालंय.

साळुंक्यांवरून मला अंदाज आलाय, पण तुम्ही बघून सांगा.

उनाडटप्पू
लॉन काढा, भाजी लावा. किडीने खाल्लं तर निदान काहीतरी कामाचं खाल्लं म्हणता येईल.

गवत्या
उनाडटप्पू, भाजीवर ती आणखी हौसेने येते.

खुरपंवाली
गवत्या यांनी सांगितलेल्यात एक भर. अळीची शंका असेल तर साबणाचं पाणी करून बघा. चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० मिली, भांडी घासायचा पातळ साबण. ते साधारण एक चौरस मीटरवर झारीने सोडायचं आणि तिथेच बसून राहायचं. लष्करी अळी किंवा देठ कुरतडणारी अळी असली तर काही मिनिटांत वळवळत वर येते. या अळ्या रात्री चरतात आणि दिवसा गवताच्या बुडाशी दडतात, त्यामुळे एरवी दिसतच नाहीत. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले तर ती अमेरिकन लष्करी अळी. बघून झालं की साध्या पाण्याने गवत धुवा, नाहीतर उन्हात साबणाने पाती भाजतात.

हुमणी मात्र साबणाने वर येत नाही. तिच्यासाठी खणावंच लागतं.

अंगणवाला
खणलं. चौरस फुटाचा तुकडा तीन बाजूंनी कापून उलटला, अक्षरशः गालिचा गुंडाळावा तसा आला. खाली बोटाच्या पेराएवढ्या मातकट पांढऱ्या अळ्या, डोकं तपकिरी, सगळ्या अर्धगोल वळून पडलेल्या. एका तुकड्यात आठ-नऊ निघाल्या. शेजारच्या हिरव्या भागात खणलं तर एखाददुसरीच.

आता गंमत अशी की फाटकाजवळच्या डागात एकही नाही. तिथलं गवत ओढलं तर हलत नाही. डाग ताटलीएवढा, मध्ये वाळलेला आणि भोवती गर्द हिरवं कडं. हे काय प्रकरण?

खुरपंवाली
फाटकाजवळ कुत्रं येतं का? मुतात नत्र आणि क्षार इतके असतात की मधलं गवत जळतं आणि कडेला तेच नत्र पातळ होऊन खतासारखं लागू पडतं. म्हणून हिरवं कडं. भरपूर पाणी घाला, दुसरं काही नको. बुरशीनाशकाची बाटली वाचली तुमची.

गवत्या
बरोबर. आणि आता हुमणीकडे वळू.

चौरस फुटाला पाचेक असल्या तर निरोगी लॉन सहन करतं. दहाच्या आसपास गेल्या की दुर्लक्ष करून चालत नाही. तुमचं लॉन आधीच हललंय, तेव्हा काहीतरी करायला हवं. पण वेळ महत्त्वाची. भुंगेरे सुरुवातीच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, झाडांवर बसून पाला खातात आणि ओल्या मातीत अंडी घालतात. दोनेक आठवड्यांनी त्यातून निघालेली अळी लहान असते आणि वरच्या थरात असते. तेव्हा तिला मारणं सोपं. पावसाळा सरता सरता ती मोठी आणि निबर होते, पुढे खोल जाऊन कोषात जाते. प्रतिबंधक म्हणून जी औषधं मिळतात ती अंडी फुटण्याच्या सुमाराला जमिनीत असावी लागतात. आत्ता ती टाकून पदरात फार पडणार नाही.

काडीपैलवान
इतकं कशाला, क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक पाण्यात घालून ओता, विषय संपला. आमच्याकडे कायम तेच करतात.

खुरपंवाली
काडीपैलवान, त्याच लॉनवर पोरं अनवाणी लोळतात. अमेरिकेत २००० साली क्लोरपायरीफॉस घरगुती वापरातून काढायचं ठरलं ते मुख्यतः लहान मुलांच्या काळजीनेच. शिवाय गवताच्या बुडाशी मेलेल्या काड्यामुळ्यांचा थर अर्ध्या इंचापेक्षा जाड असेल तर ओतलेलं औषध त्या थरातच अडकतं. खाली हुमणी मजेत.

आणि तुम्हाला कुणी फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाकायला सांगितले तर त्या माणसाला घरात घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते सर्वांत वरच्या, अत्यंत घातक गटात आहे.

काडीपैलवान
बरं बाई. मग करायचं काय, भजन?

गांडूळमित्र
हुमणी म्हटलं की मला राहवत नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

मोठ्या हुमणीवरही चालणारे दोन जिवंत उपाय आहेत. पहिला म्हणजे कीटकांवर जगणारे सूत्रकृमी, हेटेरोऱ्हॅब्डिटिस जातीचे. डोळ्यांना न दिसणारे हे जंत मातीतल्या पाण्याच्या पापुद्र्यातून सरकत हुमणीपर्यंत जातात, तिच्या अंगात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात. दोन-तीन दिवसांत अळी मरते. मेलेली अळी विटकरी लाल होते, त्यामुळे लागू पडलं की नाही हे खणून लगेच कळतं. काळी पडून घाण वास मारणारी अळी दुसऱ्या कशाने मेलेली असते.

पण हे जिवंत आहेत हे विसरायचं नाही. पाकीट थंड जागी ठेवायचं, मुदत बघून घ्यायची. जमीन आधी भिजवायची, ऊन उतरल्यावर सोडायचे, कारण सूर्यप्रकाशात ते तासाभराचेही सोबती नाहीत. पंपाच्या नोझलमधली बारीक जाळी काढून टाकायची. सोडल्यावर लगेच पुन्हा पाणी, आणि पुढचे दोन आठवडे माती सुकू द्यायची नाही. आदल्या दिवशी कीटकनाशक मारलेल्या पंपातून सोडलेत तर पाकीट वाया.

दुसरा उपाय मेटारायझियम ही बुरशी. हिची अळी कडक होऊन पडते आणि अंगावर आधी पांढरी, मग हिरवी भुकटी धरते. काम सावकाश, पण जमिनीत टिकून राहते. चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये मिसळून, ओल असताना पसरायची. अवांतर: ही बुरशी १८७९ साली मेचनिकॉव्ह यांना गव्हावरच्या भुंगेऱ्याच्या अळीत सापडली आणि किडीवर बुरशी सोडायची कल्पना त्यांनी तेव्हाच मांडली होती. त्यांना पुढे १९०८ साली नोबेल मिळालं ते मात्र पांढऱ्या पेशींच्या कामासाठी.

आणखी एक. कंपोस्टच्या ढिगात निघणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. हातावर किंवा सपाट फरशीवर ठेवून बघा. पाठीवर पालथी होऊन, पाय वर करून सरपटत निघाली तर ती फुलभुंग्याची अळी. ती कुजका पालापाचोळाच खाते, गवताच्या मुळांना हात लावत नाही. तिला परत ढिगात सोडा, फुकटात खत करून देते.

निवांत
पाठीवर चालणारी अळी! इतकी वर्षं ठेचत आलेत लोक. वाचनखूण साठवली.

अंगणवाला
गांडूळमित्र, दंडवत. सूत्रकृमी मागवतो. तोवर त्या पट्ट्याचं काय करू?

गांडूळमित्र
सुटलेलं गवत तसंच दाबून बसवा आणि हलकं पण वरचेवर पाणी द्या. एरवी लॉनला खोल आणि क्वचित पाणी द्यावं म्हणतात ते खरं, पण मुळ्याच नाहीत तर खोलातलं पाणी पिणार कोण? हराळीच्या जातीचं असेल तर धावत्या खोडांनी पट्टा भरून काढेल. साळुंक्यांना हाकलू नका.

गवत्या
आता लव्हाळ्याबद्दल, कारण या धाग्यातला खरा चिवट गडी तो आहे.

आधी खात्री करा. दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याचा तिधारी, आणि पाती तीन दिशांना फुटलेली. हा गवत नाहीच, त्यामुळे गवतावरची बरीच तणनाशकं त्याला बाधत नाहीत आणि रुंद पानांच्या तणांवरचीही नाहीत. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत त्याला पहिला नंबर देतात तो उगाच नाही.

जमिनीखाली त्याच्या गाठी एकामागोमाग एक बारीक मुळकांडांनी जोडलेल्या असतात. वर कोंब असलेली गाठ जिवंत असते तोवर ओळीतल्या बाकीच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. वरचं उपटलं की जोड तुटतो आणि झोपलेल्या गाठींना फुटायला मोकळं रान मिळतं. म्हणून उपटला की दाट येतो असा अनुभव सगळ्यांना येतो. काळं प्लास्टिक अंथरूनही उपयोग नाही, त्याचं टोकदार कोंब प्लास्टिक भोसकून वर येतं.

खुरपंवाली
इथे मी थोडी असहमत. उपटल्याने वाढतो हे अर्धंच खरं. एकदा उपटून महिनाभर विसरलात तर वाढणारच. पण नवा कोंब आला की त्याला नव्या गाठी धरायला तीन-चार आठवडे लागतात. त्याच्या आत, पाच-सहा पानांवर यायच्या आधी, प्रत्येक वेळी अरुंद खुरप्याने गाठीसकट काढत राहिलं तर गाठींतला साठा संपतो. गाठी बहुतेक वरच्या वीतभर मातीत असतात. काढलेल्या गाठी कंपोस्टात नाहीत, फरशीवर कडक उन्हात. पूर्ण वाळल्या की मेल्या.

गवत्या
चार वाफ्यांएवढी जागा असेल तर तुमचं पटतं. कुंपणाच्या लांबीभर पसरल्यावर किती जणांच्याने होतं ते?

खुरपंवाली
माझ्याने झालं. बाकीच्यांचं माहीत नाही. :)

गवत्या
मान्य. पण अंगणवाल्यांसाठी दुसराही मार्ग लिहून ठेवतो. हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे लव्हाळ्यावर चालणारं आंतरप्रवाही, म्हणजे पानातून शिरून आत गाठीपर्यंत उतरणारं, तणनाशक आहे. हराळीसारख्या गवताला सहसा त्रास देत नाही, तरी लेबलवर आपल्या गवताचं नाव आहे का ते वाचा, आणि नुकतंच लावलेलं लॉन असेल तर थांबा. लव्हाळा जोमात वाढत असताना, तीन ते सात-आठ पानांवर असताना, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) मिसळून मारायचं. मारायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस मोअर फिरवायचा नाही. आधी कापलं तर औषध घ्यायला पान उरत नाही, लगेच नंतर कापलं तर ते गाठीपर्यंत उतरत नाही. तीनेक आठवडे काहीच झालं नाही असं वाटेल. घाबरून पुन्हा मारू नका. झोपलेल्या गाठी यातूनही वाचतात, म्हणून दीड-दोन महिन्यांनी परत एक फेरी लागते, पुढच्या वर्षीही थोडी लागेल.

त्याआधी एक प्रश्न. लव्हाळा कुंपणाच्याच कडेला का? तिथे पाणी साचतं का? तो कोरड्यातही तगतो, पण माजतो तो ओलीत.

अंगणवाला
नळाचा पाइप तिथूनच जातो. आज माती उकरली तर सांध्यातून पाणी झिरपतंय. प्लंबरला फोन केला. आंबुशीबद्दल कुणी बोललंच नाही.

निवांत
आंबुशी आणि क्लोव्हरमध्ये फरक करा आधी. आंबुशीची तीन पानं बदामाच्या आकाराची, रात्री मिटतात, फूल पिवळं. क्लोव्हरची पानं लंबगोल, बऱ्याचदा वर पांढरट चंद्रकोर. क्लोव्हर असेल तर मी म्हणेन राहू द्या. हवेतलं नत्र जमिनीत आणतं, मधमाश्या येतात. एके काळी लॉनच्या बियाण्यात ते मुद्दाम मिसळत. १९४५ नंतर टू-फोर-डी हे तणनाशक बाजारात आलं, ते रुंद पानांचं सगळंच मारायचं, आणि मग क्लोव्हर तण ठरलं.

काडीपैलवान
म्हणजे औषधातून वाचत नाही म्हणून तण! भारी आहे.

खुरपंवाली
आंबुशीला मात्र माझ्या लॉनमध्ये माफी नाही. तिची शेंग पिकली की नुसत्या धक्क्याने फुटते आणि बी काही फुटांवर उडतं. वाकून उपटताना चेहऱ्यावर बारीक टकटक लागते ती तिचीच. त्यामुळे काढायची ती शेंगा हिरव्या असताना, पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर वाफसा आला की. आडव्या खोडाला जागोजागी मुळं असतात, नुसती ओढली तर तुकडे मागे राहतात. एका टोकाकडून खुरप्याने उचलत जायचं. दुधी नावाचं चिकाचं तणही (भाजीचा दुधी नव्हे) तसंच जमिनीलगत पसरतं. त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हातमोजे घाला.

निवांत
टू-फोर-डीचं नाव निघालंच आहे तर माझं रडगाणं. पलीकडच्या बागेत कुणीतरी भर उन्हात, वारं असताना फवारलं. माझ्या गुलाबाची नवी पानं पट्टीसारखी अरुंद झाली, शिरा समांतर, शेंडे मुरडलेले. टोमॅटोची पानं तर चुण्या पडून पेल्यासारखी वळली. मी आधी विषाणू समजत होतो. टोमॅटो, द्राक्ष आणि गुलाब या औषधाला फार हळवे. त्यातही एस्टर प्रकारचं असेल तर उकाड्यात त्याची वाफ होऊन लांबवर जाते.

गवत्या
हे सगळ्यांनी वाचा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर रंगाने खूण करा, आणि तो कधीही फुलझाडांसाठी वापरू नका. पंप कितीही धुतला तरी रबरी नळीत अंश राहतो. तणनाशक मारलेल्या लॉनचं कापलेलं गवत पुढच्या काही कापण्या कंपोस्टात किंवा कुंड्यांत घालू नका.

आणि इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक कुणी हुमणीसाठी सुचवलं, तर आधी लॉनमधली फुलं कापून मग टाका. मधमाश्यांवर त्याचा इतका परिणाम होतो की युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावरचा वापरच बंद केला.

पुनर्नवा_७
उशिरा आले धाग्यावर. माझं लॉन सावलीतलं. गवत विरळ, शेवाळ दाट. चुना टाकू का?

गवत्या
शेवाळ गवताला मारत नाही, गवत गेलेल्या जागेत येतं. सावली, ओल, घट्ट दबलेली माती ही कारणं. माती आम्लधर्मी आहे असं तपासणीत निघालं तरच चुना. आधी फांद्या विरळ करा. तरी ऊन पोहोचत नसेल तर तिथे गवताचा हट्ट सोडून सावलीतली झाडं लावा.

पुनर्नवा_७
आणि मुंग्यांची वारुळं?

गांडूळमित्र
झाडूने पसरवा, पाणी मारा. मुंग्या लॉन खात नाहीत. सकाळी दिसणारे मातीचे बारीक गोळे मात्र मुंग्यांचे नसून गांडुळांचे असू शकतात, त्यांना तर हातच लावू नका. सुकले की खराट्याने पसरवायचे.

उनाडटप्पू
एक गंभीर प्रश्न विचारतो, हसू नका. लॉन एकदम बारीक कापलं की तण जास्त येतं का? आमच्याकडे कटिंगवाला दर वेळी टक्कल करून जातो, आणि मग सगळा रानमेवा उगवतो.

गवत्या
हसत नाही, हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. बऱ्याच तणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो. गवत उंच आणि दाट असलं की मातीवर ऊन पडत नाही. एका वेळी पात्याचा एकतृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. हराळीच्या जाती दोन ते चार सेंटिमीटरवर खूश असतात, सेंट ऑगस्टिनसारखं रुंद पात्याचं गवत सहा ते दहावर, थंड हवेतलं टॉल फेस्क्यू आठच्या आसपास. टक्कल केलं की गवत आधी पानं भरून काढतं आणि मुळांची वाढ थांबते. मग हुमणीचं पाचसहाचं ओझंही झेपत नाही.

कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या, वर्षाच्या नत्राच्या गरजेपैकी जवळपास चौथाई त्यातून परत मिळते. फक्त तण बीवर आलेलं असेल तेव्हा गोळा करून बाहेर टाका. आणि कटिंगवाल्याला यंत्र खालून धुऊन आत आणायला सांगा. दहा घरांचं बी त्याच्या पात्याला चिकटून येतं.

उनाडटप्पू
धुऊन आणायला सांगितलं तर तो पुढच्या वेळी येईल का, हा खरा प्रश्न.

अंगणवाला
ताजी खबर. सूत्रकृमी सोडून झाले, संध्याकाळी, जाळी काढून. आज कडेला खणलं तर काही अळ्या विटकरी लाल, काही अजून ठणठणीत. पाइपचा सांधा बदलला. लव्हाळ्यासाठी अर्ध्या लांबीत खुरपंवाली यांची पद्धत आणि अर्ध्या लांबीत गवत्या यांची, मध्ये खुंटी ठोकून ठेवलीय.

खुरपंवाली
माझ्या बाजूला फवारा उडू देऊ नका म्हणजे झालं. मध्ये फूटभर पट्टा मोकळा सोडा.